कण्यावरील भार आणि रुग्णाची कळ : संवेदकयुक्त रोपणांचा इतिहास व नांदेड-लातूरचा प्रदेश

१

पाठीच्या मणक्यांना आधार देण्यासाठी शस्त्रक्रियेने बसविलेल्या धातूच्या सळईने आपल्यावर पडणारा भार स्वतःच मोजावा, तो बिनतारी मार्गाने शरीराबाहेर कळवावा, आणि अशा असंख्य नोंदींवरून गणकयंत्राने हाड जुळत आहे किंवा नाही, सळई मोडण्याच्या बेतात आहे किंवा नाही, याचा अंदाज सांगावा, ही कल्पना आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळातील नवलाई म्हणून पुढे येत आहे. वस्तुतः तिचा पहिला भाग, म्हणजे मोजणे व कळविणे, हा जवळजवळ साठ वर्षांचा जुना आहे. नवा आहे तो दुसरा भाग, म्हणजे मोजलेल्या आकड्यांचा अर्थ लावणे. या दोन भागांचा इतिहास सहसा एकच समजून सांगितला जातो, आणि त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. भार मोजण्यास भाषेची गरज लागत नाही. अर्थ लावण्यास ती लागते. कारण आकड्याचा अर्थ शेवटी रुग्णाने सांगितलेल्या वेदनेशी व त्याच्या असमर्थतेशी ताडूनच ठरवावा लागतो.

हा मुद्दा नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात तपासणे उपयुक्त ठरेल. या प्रदेशात मराठी, उर्दू, दख्खनी, गोरमाटी आणि सीमेलगत तेलुगू व कन्नड अशा अनेक भाषा एकत्र नांदतात. आणि १९९३ च्या भूकंपाने मोडलेली घरे व मोडलेली शरीरे यांची मोजदाद कशी करावी, हा प्रश्न याच प्रदेशापुढे अत्यंत कठोर रूपात उभा केला होता.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत पाठीच्या संपूर्ण दंडास 'कणा' व त्यातील एकेका अस्थीस 'मणका' म्हणतात. मणका म्हणजे मणी. ओवलेल्या माळेची कल्पना त्या शब्दात आहे. संस्कृत वैद्यकातील 'पृष्ठवंश' या शब्दात मात्र पेरे असलेल्या वेळूची कल्पना दिसते. नांदेड व लातूर हे भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथील उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, वैद्यकही त्याच भाषेतून शिकविले जाई, आणि त्यासाठी लागणारी परिभाषा सिद्ध करण्यास १९१७ पासून एक स्वतंत्र भाषांतर-विभाग काम करीत होता. उर्दूत मणक्यास 'मोहरा' म्हणतात. फार्सीतून आलेल्या या शब्दाचा एक अर्थ मणी असाच आहे. मज्जारज्जूस उर्दूत 'हराम मग्ज़', म्हणजे शब्दशः निषिद्ध मज्जा, असे नाव आहे. तात्पर्य, मराठी बोलणारा रुग्ण 'मणका' म्हणत असता आणि उर्दूतून शिकलेला वैद्य 'मोहरा' म्हणत असता दोघांच्या मनांपुढे एकच चित्र उभे राहत होते.

पुढे वैद्यकाची भाषा इंग्रजी झाली. 'व्हर्टिब्रा', 'डिस्क', 'कॉम्प्रेशन' हे शब्द वैद्याच्या कामाचे असले, तरी रुग्णाच्या मनात त्यांनी कोणतेच चित्र निर्माण केले नाही. ती उणीव लोकभाषेने आपल्या परीने भरून काढली. दोन मणक्यांमधील चकती ती 'गादी' झाली, ती 'सरकते'. मज्जातंतू ही 'शीर' झाली, ती 'दबते'. आणि सर्वांत अधिक प्रचलित झालेला शब्दप्रयोग म्हणजे 'मणक्यात गॅप पडला'.

हा शेवटचा प्रयोग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. चकती झिजली असता क्ष-किरण चित्रात दोन मणक्यांमधील जागा कमी झालेली दिसते. लोकभाषेत मात्र जागा 'पडली', म्हणजे नव्याने निर्माण झाली, असे म्हटले जाते. त्यामुळे 'गॅप कमी झाला आहे' असे वैद्याने सांगितले, तर वैद्याच्या दृष्टीने ती बिघाडाची खूण असते आणि रुग्णास ती सुधारणेची वार्ता वाटण्याचा संभव असतो. एकाच चित्राचे एकाच शब्दात दोन विरुद्ध अर्थ होऊ शकतात, हे येथे ध्यानात ठेवावे. पुढील विवेचनात त्याची गरज पडेल.

३

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. गणेशविसर्जनानंतरची ती रात्र होती व बहुतेक माणसे घरात झोपलेली होती. किल्लारी, सास्तूर व भोवतालची गावे उद्ध्वस्त झाली. मृतांची संख्या निरनिराळ्या गणनांनुसार आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. जखमींची संख्या त्याहून कितीतरी अधिक होती. भूकंपाचे परिमाण ६.२ इतके, म्हणजे जागतिक तुलनेत मध्यम होते. जीवितहानी इतकी मोठी होण्याचे मुख्य कारण घरांची बांधणी हे होय. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि लाकडी सांगाड्यावर मातीचा जड थर असलेली माळवदे झोपलेल्या माणसांच्या अंगावर कोसळली. नंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली.

अशा प्रकारे दगडमातीखाली दडपलेल्या माणसाचा मणका मोडला, तर त्याला सपाट फळीवर, पाठ न वाकविता हलविणे आवश्यक असते. एरवी मोडलेल्या हाडाची कड मज्जारज्जूत घुसून पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका असतो. अंधारात, हातांनी ढिगारे उपसताना हे पथ्य पाळले जाणे किती कठीण असते, हे सांगावयास नको. लातुरात त्या वेळी १९६६ साली सुरू झालेले विवेकानंद रुग्णालय होते, नांदेडला १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होते. परंतु लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघावयास अद्याप अवकाश होता. अनेक जखमींना सोलापूरला न्यावे लागले. पुढील काळात परिस्थिती हळूहळू बदलली. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. ९७१ उपचार व शस्त्रक्रिया तिच्या कक्षेत होत्या. २०१७ मध्ये ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. 'पाठीत रॉड टाकला' हा शब्दप्रयोग या प्रदेशातील खेड्यापाड्यांत आज सहज कानी पडतो.

हे रॉड अर्थात मुके असतात. ते बसविल्यावर त्यांवर काय ताण पडतो, हे वैद्यास क्ष-किरण चित्रावरून व रुग्णाच्या सांगण्यावरूनच ताडावे लागते. सळईस बोलके करण्याचे प्रयत्न मात्र जगात किल्लारीच्या भूकंपापूर्वी पाव शतक सुरू झालेले होते.

४

या प्रयत्नांचा आरंभ स्वीडनमध्ये झाला. आल्फ नाकेमसन या अस्थिवैद्याने १९६० साली शवांतील चकत्यांमधील दाब मोजून आपला प्रबंध प्रसिद्ध केला आणि १९६४ मध्ये सहकाऱ्यासह जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून तोच दाब मोजल्याचे जाहीर केले. उभे राहण्यापेक्षा बसण्याच्या स्थितीत चकतीवरील दाब सुमारे चाळीस टक्क्यांनी अधिक असतो, हा त्याचा निष्कर्ष पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून शिकविला गेला.

याच सुमारास अमेरिकेत ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन हा शल्यवैद्य पोलिओमुळे पाठ वाकलेल्या मुलांच्या कण्यात पोलादी सळया बसवीत होता. त्याची पद्धती १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. कण्याच्या शल्यचिकित्सेत धातूचा व्यापक उपयोग येथून सुरू झाला, असे म्हणावयास हरकत नाही. लागलीच प्रश्न उभा राहिला की, सळईवर नेमका किती जोर द्यावा? थोडा दिला तर पाठ सरळ होत नाही, फार दिला तर हाड फुटते. १९६६ मध्ये वॉ या संशोधकाने शस्त्रक्रिया चालू असता सळईवरील जोर मोजला. आणि १९७१ मध्ये नाकेमसन व एल्फस्ट्रॉम यांनी सळईतच ताणमापक व लहानसा प्रेषक बसवून, जखम शिवल्यानंतर रुग्ण हिंडूफिरू लागला असता पडणारा जोर बिनतारी मार्गाने टिपला. संवेदकयुक्त कण्याच्या रोपणाचा आरंभ येथे झाला.

यानंतरचे महत्त्वाचे काम बर्लिनमध्ये झाले. रोलमान, बेर्गमान व ग्रायखेन या संशोधकांनी मोडलेल्या मणक्यास दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या सळयांत दूरमापनाची यंत्रणा बसविली आणि १९९० च्या दशकात दहा रुग्णांमधील भार टिपले. पुढे २००६ पासून त्यांनी मणक्याच्या मुख्य पिंडाच्या जागी बसणारे टायटॅनियमचे रोपण पाच रुग्णांत बसविले. त्यास आत विद्युत्‌घट नव्हता. शरीराबाहेर धरलेल्या वेटोळ्यातून त्यास विद्युत्‌शक्ती मिळे. हात लांब करून धरलेले वजन, पुढे वाकणे, खुर्चीवरून उठणे अशा साध्या क्रियांचे आकडे त्यातून प्रथमच प्रत्यक्ष मिळाले. हाड जुळले म्हणजे सळईवरचा भार उतरतो, ही प्रचलित समजूतही या नोंदींनी डळमळीत केली. काही रुग्णांत हाड जुळल्यावरही सळया पूर्वीसारखाच भार वाहत राहिल्या.

या इतिहासात एक धडा आहे. १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म येथे विल्के व त्याच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून चोवीस तास नोंदी घेतल्या. आडवे पडले असता ०.१ मेगापास्कल, उभे असता ०.५, टेकल्याविना बसले असता ०.४६, २० किलो वजन पाठ वाकवून उचलले असता २.३ व गुडघे वाकवून उचलले असता १.७ असे आकडे मिळाले. म्हणजे बसण्यात उभे राहण्यापेक्षा अधिक दाब असतो, हा पस्तीस वर्षे मान्य असलेला निष्कर्ष येथे टिकला नाही. परंतु हे नवे आकडेही एकाच माणसाचे होते, ही मर्यादा विसरता येत नाही. यंत्र चुकले नव्हते, तरी निष्कर्ष बदलला. कारण कोणाचे शरीर, कशा रीतीने बसलेले, हे यंत्राबाहेर ठरत होते.

५

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश या टप्प्यावर होतो. आज तिचे तीन उपयोग दिसतात. पहिला शस्त्रक्रियेपूर्वीचा. फ्रान्समधील एका कंपनीने रुग्णाच्या चित्रांवरून सळईची वक्रता आधीच ठरवून तशी सळई घडविण्याची पद्धती आणली. २०१४ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली आणि पूर्वीच्या रुग्णांच्या संग्रहावरून पुढील रुग्णाची पाठ कशी स्थिरावेल याचा अंदाज करणे तिच्यात समाविष्ट झाले. दुसरा उपयोग शस्त्रक्रियेनंतरचा. या बाबतीत कण्यापेक्षा गुडघा पुढे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले गुडघ्याचे रोपण रुग्णाची रोजची पावले, चालण्याचा वेग व सांध्याची हालचाल नोंदवून घरातील एका यंत्रामार्फत ती वैद्याकडे पाठविते. कण्यासाठी अशी साधने अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेत आहेत. पिट्सबर्ग विद्यापीठातील अभियंत्यांनी दाबामुळे स्वतःच वीज निर्माण करणारे रोपण घडविले, हे त्यांपैकी एक उदाहरण. तिसरा उपयोग मज्जारज्जूच्या उत्तेजनाचा. वेदना शमविण्यासाठी मज्जारज्जूस विद्युत्‌स्पंद देणारी जी यंत्रे आहेत, त्यांतील काही मज्जारज्जूचा प्रतिसाद स्वतः टिपून स्पंदाचे प्रमाण क्षणोक्षणी बदलतात.

नांदेड-लातूरसारख्या प्रदेशास या साधनांपासून लाभ नाही, असे समजणे चूक होईल. कंधार, मुखेड, अहमदपूर या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीस जाणारी जोडपी पाच-सहा महिने गावाबाहेर असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीस त्यांनी वेळेवर यावे, ही अपेक्षा व्यर्थ ठरते. डोक्यावर मोळी घेऊन गाडीत चढताना कण्यातील सळईवर काय गुजरते, हे वैद्यास कधीच कळत नाही. सळई मोडल्यावरच कळते. भार टिपून ठेवणारे रोपण हा खंड भरून काढू शकेल. लातूरच्या आडत बाजारात पोते पाठीवर घेणाऱ्या हमालाच्या कण्याविषयीही हेच म्हणता येईल. बर्लिनच्या नोंदींत मोळी नाही आणि पोतेही नाही.

६

परंतु भार टिपल्याने अर्थ लागत नाही. यंत्रास शिकविताना प्रत्येक नोंदीबरोबर तिचा परिणाम सांगावा लागतो : या रुग्णास बरे वाटले, त्या रुग्णास वाटले नाही. हा परिणाम कोठून येतो? तो प्रश्नावलीतून येतो. इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री या गावाच्या नावाने ओळखली जाणारी, १९८० मध्ये प्रसिद्ध झालेली प्रश्नावली पाठदुखीच्या अभ्यासात जगभर वापरली जाते. तिच्यात दहा विभाग असून वेदनेमुळे रुग्णास काय करता येत नाही, हे विचारले जाते. तिचे मराठी रूप भारतीय रुग्णांवर तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, ही गोष्ट मराठीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तथापि मूळ प्रश्नावलीतील बसण्याविषयीचा विभाग खुर्चीभोवती रचलेला आहे. ज्या घरात जेवण, स्वयंपाक, निवडणे, टिपणे हे सर्व जमिनीवर मांडी घालून वा उकिडवे बसून होते, तेथे खुर्चीवर किती वेळ बसवते, या प्रश्नाचे खरे उत्तर मिळूनही त्यातून रुग्णाची अडचण कळत नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील पंगतीस बसता येते की नाही, हा प्रश्न त्या रुग्णास अधिक जवळचा आहे.

दुसरी अडचण वेदनेच्या नावांची आहे. वेदना शून्य ते दहा यांपैकी किती, असे विचारण्याची पद्धत आहे. मराठी बोलणारा रुग्ण सहसा आकडा सांगत नाही. तो वेदनेची जात सांगतो. वाकताना एकाएकी धरते ती 'उसण', वरून खाली धावते ती 'चमक', थांबून थांबून उठते ती 'कळ', ठोके पडल्यासारखा होतो तो 'ठणका', श्रमाने स्नायूंत भरते ती 'रग', पायास येतात त्या 'मुंग्या'. पाठीतून पोटरीपर्यंत उतरणारी चमक मज्जातंतूकडे बोट दाखविते, आणि कमरेत भरलेली रग स्नायूंकडे. दोघींनाही 'सहा' हा आकडा दिला, तर वैद्यकाच्या दृष्टीने जो भेद सर्वांत मोलाचा, तोच पुसला जातो. यंत्रास मग 'सहा' तेवढा कळतो.

तिसरी गोष्ट व्याकरणाची आहे आणि ती आशादायक आहे. मराठीत शक्य क्रियापद म्हणून एक स्वतंत्र रूप आहे : 'मला चालवत नाही', 'वाकवत नाही', 'बसून उठवत नाही', 'घागर उचलवत नाही'. येथे कर्ता कामास नकार देत नाही, आणि कोणी मनाईही केलेली नाही. शरीराचे सामर्थ्य संपले एवढेच हे रूप सांगते. 'मी चालत नाही', 'मला चालता येत नाही' आणि 'मला चालवत नाही' ही तीन वाक्ये मराठी माणूस कधीही एकमेकांच्या जागी वापरीत नाही. पहिल्यात इच्छेचा, दुसऱ्यात कौशल्याचा वा परिस्थितीचा, आणि तिसऱ्यात देहाच्या सामर्थ्याचा निर्देश आहे. प्रश्नावली दहा विभाग करून जे शोधते, ते या भाषेत एका प्रत्ययाने व्यक्त होते. मात्र रुग्णाचे वाक्य टिपणाऱ्याने ते इंग्रजीत उतरविताना तिन्ही वाक्यांचे एकच भाषांतर केले, तर हा भेद नोंदीतून कायमचा नाहीसा होतो. 'गॅप कमी झाला' याचे जे होते, तेच येथे होते. फरक इतकाच की, येथे चूक एका रुग्णापुरती न राहता यंत्राच्या शिक्षणात शिरते आणि पुढील प्रत्येक रुग्णाच्या वाट्यास येते. उर्दू, गोरमाटी वा तेलुगू बोलणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत वाक्य प्रथम मराठीत व नंतर इंग्रजीत जात असल्याने ही हानी दुहेरी होते.

७

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. भूकंपशास्त्राने ते फार पूर्वी शोधून ठेवले आहे आणि लातूरच्या लोकांस ते अनुभवाने ठाऊक आहे. भूकंपाची दोन मोजमापे असतात. परिमाण यंत्राच्या आलेखावरून काढले जाते आणि ते एका भूकंपास एकच असते. तीव्रता मात्र गावोगाव हिंडून, कोणती भिंत पडली, झोपलेली माणसे जागी झाली काय, उभ्या माणसाचा तोल गेला काय, हे विचारून ठरविली जाते आणि ती गावागणिक बदलते. किल्लारीचे परिमाण ६.२ हे सर्वत्र सारखेच राहिले. तीव्रता किल्लारीत एक, लातूर शहरात दुसरी आणि नांदेडात तिसरी होती. भूकंपानंतर किल्लारीत ६१७ मीटर खोल विवर खणून बेसॉल्टखालच्या खडकाचा अभ्यास करण्यात आला, २००६ पासून नांदेड शहरात जाणवलेले लहान धक्केही यंत्रांनी टिपले. तरी लोकांना विचारून तीव्रता ठरविण्याची रीत कोणी सोडून दिली नाही.

कण्यातील संवेदक जे देतो ते परिमाण आहे. तीव्रता रुग्णाच्या तोंडूनच यावयाची आहे. नांदेड व लातूर येथील वैद्यकीय महाविद्यालये आणि १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांना एकत्र येऊन करता येण्याजोगे एक काम येथे दिसते. पाठीच्या रुग्णांचे बोलणे, त्यांनी वापरलेल्या शब्दांत व क्रियापदांच्या रूपांत, भाषांतर न करता, वैद्यकीय तपासणीच्या निष्कर्षासह टिपून ठेवावे. त्याबरोबर बसण्याची रीत व ओझ्याचा प्रकार नोंदवावा. आणि प्रत्येक रुग्णाची संमती घेऊन त्याचे नाव वगळावे. या कामास महागड्या साधनांची आवश्यकता नाही. बोलक्या सळया या प्रदेशात येतील तेव्हा येतील. त्या ज्या संग्रहावरून शिकलेल्या असतील, त्यात 'मला उठवत नाही' हे वाक्य नसेल, तर मुखेडच्या ऊसतोड बाईच्या कण्यातील भार त्या अचूक मोजतील आणि तिच्याविषयीचा निष्कर्ष मात्र दुसऱ्याच कोणाच्या अनुभवावरून सांगतील.